मुकादमाची टाकी

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाकी तडकली!

सकाळी सव्वासातला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. खट्! असा आवाज. सगळा जन्म काचेत गेला माझा, तो आवाज मला गाढ झोपेतही कळेल. हातात गाळणी घेऊन तसाच धावलो. पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून वीतभर चीर गेलेली आणि पाणी दादाच्या पलंगाखाली लोटतंय. दादा पडल्या जागी मान वळवून बघत होता. डोळे एवढे मोठे. तोंडातून नुसतं आँ आँ.

आधी काय करावं? मासा, की पाणी, की दादा? मी फडकं आणून लादी पुसायला बसलो! इतका कसा मी बावळट! टाकीत चार बोटं पाणी उरलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. तोवर मुकादम आडवा झाला होता, चिरेच्या धारेवर अंग घासत होता. हातांनी उचलला — निसटला, जमिनीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. शेवटी दादाच्या टॉवेलात धरून बादलीत सोडला.

डाव्या अंगाची खवलं गेली आहेत. शेपटी दोन ठिकाणी फाटली. एक डोळा दुधाळ झालाय. निम्मं काचेनं केलं, निम्मं मी.

नऊ वर्षं हा गोल्डफिश या घरात आहे. नाव वहिनीनं ठेवलेलं. म्हणायची, हा पोहत कुठं, हा तर कामावर देखरेख करत हिंडतो! वहिनी गेली, मुकादम राहिला.

४ फेब्रुवारी, दुपारी

दोष कुणाचा ते लिहून टाकतो म्हणजे डोक्यातली भुणभुण थांबेल. दोष माझा.

रविवारी टाकीतलं पाणी उपसून मीच ती खिडकीखालून दादाच्या उजव्या हाताला आणली. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या होत्या, “झटका आल्यापासून मोठ्या काकांना उजवी बाजूच उरली नाही. ते तिकडे बघतच नाहीत. त्यांचा मासा उजवीकडे ठेवून बघा.” ठेवला. आणि चौदा महिन्यांत जी मान वळली नव्हती ती दोन दिवसांत वळली! बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या टेबलाचा एक पाय आखूड. पायाखाली पाचर मारायची सोडून मी टाकीच्याच कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. म्हटलं, तात्पुरतं. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो — काच सगळीकडून सारखी टेकली पाहिजे, एका कोपऱ्यावर भार आला की गेली. आणि स्वतःच्या घरात हे!

दादा बोलू शकत असता तर म्हणाला असता, “गाढवा.” नुसतं एवढंच. आणि मला बरं वाटलं असतं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

पुतणीला कळता कामा नये. येत्या रविवारी ती येणार आहे.

ती वाईट नाही. दादाची एकुलती एक पोर, जीव आहे तिचा बापावर. पण गेल्या खेपेला चहा पिताना म्हणाली, “काका, तुम्ही स्वतः बाहत्तरचे. बाबांना उचलता-निजवता उद्या तुम्हीच पडलात तर दोघांना कोण बघणार? माझ्याकडे तळमजल्यावर खोली आहे. दिवसभराची नर्स ठेवीन.” मी म्हटलं, आम्हाला झेपतं. ती म्हणाली, “बघू. मी पुढच्या वेळी येईन तेव्हा ठरवू.”

बघू म्हणजे काय ते मला कळतं. मी मुलगी नाही, बायको नाही. भाऊ. धाकटा. चार तासांच्या अंतरावर नेणार ती त्याला, आणि मग मी इथं या दोन खोल्यांत भिंतींशी बोलणार.

आता तिनं येऊन बघायचं — घरभर ओल, टाकी फुटलेली, मासा बादलीत. पुढचं बोलायलाच नको.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुकादम जिवंत आहे. बादलीच्या तळाशी एका कुशीवर कलून बसलाय. कल्ले हलतात. मी सकाळपासून अकरा वेळा बघून आलो. बारा.

फिशटँकच्या दुकानात जाऊन आलो. दुकान कसलं, बोळच आहे, दोन्ही बाजूंनी टाक्या. मालक पोरगेलासा, कानात वायर. मी सगळं सांगितलं, त्यानं एका कानातली वायर काढून ऐकलं. अर्धंच ऐकलं असणार.

“आजोबा, जखमेला जाडं मीठ. एका बादलीला एक चमचा. रोज अर्धं पाणी बदला. दोन दिवस खायला घालू नका. आणि झाकून ठेवा, अंधार बरा वाटतो त्यांना.”

मग म्हणाला, “नाहीतर नवीनच घेऊन जा. सेम रंगाचा आहे. कुणाला कळणार नाही.”

मी म्हटलं, “तुझ्या आईला मी सेम रंगाचा नवीन मुलगा आणून देऊ का?”

हसला. दुसरीही वायर काढली. मग नीट बोलला. टाकीचं काय करणार विचारलं. म्हटलं, काचवाल्याच्या घरात विकतची टाकी यायची नाही. तो म्हणाला, “घरी चिकटवणार? कशानं—” मी म्हटलं, “बाबा रे, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून काचा चिकटवतोय.” आणि निघालो.

५ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर

दादा जेवला नाही. मऊ भाताचे तीन घास, मग ओठ मिटले. बादली उचलून त्याच्या तोंडासमोर धरली, बघ म्हटलं, आहे तुझा मुकादम. त्यानं मान वाकवून बघितलं. मग आणखी दोन घास.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खालचे मास्तर वर आले. त्यांच्या छताला ओल धरलीय. जन्मभर शाळेत शिकवलं, आता शिकवायला माणूस मिळेना म्हणून मला शिकवतात.

“काचवाले, तुमच्या घरात नदी आली आहे का?”

“बादली सांडली, मास्तर.”

“ही बादलीची ओल नाही. बादलीची ओल गोल असते. ही लांबट आहे.”

काय सांगणार! टाकी दिसली त्यांना. दादाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “पुतणीला कळवलंत का? माझ्याकडे नंबर आहे तिचा. तीच देऊन गेली आहे, काही झालं तर कळवा म्हणून.”

म्हणजे माझ्यामागे पहारा बसवून गेलीय पोर! मी मास्तरांना म्हटलं, “रविवारपर्यंत टाकी जागेवर उभी नाही राहिली तर खुशाल कळवा.” बोलून बसलो. आता करणं भाग.

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, मान पुन्हा डावीकडे राहायला लागलीय. “काका, तो मासा लवकर आणा जागेवर. माझ्या दहा दिवसांचं काम तो एका दिवसात करतो.”

सगळे त्या एवढ्याशा जिवावर बसलोय. मी, दादा, बाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुकादमानं तीन दाणे खाल्ले! सरळ झाला. डोळा तसाच आहे, पण शेपटीची चीर पांढरी पडून मिटतेय. बादलीतल्या बादलीत फेरी मारली. देखरेख सुरू. दादाला सांगितलं तर त्याचा डावा हात पलंगाच्या कठड्यावर हळूच ताल धरल्यासारखा वाजला.

मग कामाला लागलो. चीर नुसती बुजवून चालत नाही, आतून काचेचा तुकडा लावायला लागतो. कपाटाखालून जुनी पाच मिलीची काच काढली. काच कापायचा हिरा शोधला. हा दादानंच दिलेला. पाचवीची परीक्षा झाली आणि त्यानं मला शाळेऐवजी दुकानात नेलं, हातात हिरा दिला. तो तेव्हा अठराचा. वडील नव्हते, तोच वडील. म्हणाला होता, दाबू नकोस, नुसता चालव, काच आपणहून सांगते कुठं तुटायचं ते.

पहिला तुकडा वाकडा गेला. हात थरथरतो आता. अंगठ्याजवळ कापलंही. दुसरा मात्र अस्सा सरळ! दादाला दाखवला. त्यानं कडेवरून नजर फिरवली, पापणी हलवली. पास!

टाकी कोरडी पुसली, घासली. काच चिकटवायच्या सिलिकॉनची नळी होती घरात, शेवटच्या कामाची उरलेली — त्या मोठ्या बिल्डिंगमधली न्हाणीघरांची दारं. महागातली, चांगल्या प्रतीची नळी. दाबायच्या बंदुकीत चढवली.

आणि दादानं कठडा बडवायला सुरुवात केली.

धाड धाड धाड. आँ आँ. मी म्हटलं, काय झालं? लघवीचं भांडं देऊ? दिलं. झाली नाही. पुन्हा बडवणं. पाणी? नको. उशी वर करू? नको. पंखा? नको. टाकीकडे हात करत होता. मी म्हटलं, अरे हो, तेच करतोय ना! तुझ्याच मुकादमासाठी करतोय! घाई करू नको. तो लाल झाला. पुन्हा भांडं दिलं. हातानं उडवून दिलं भांडं.

मी चिडलो. खोटं कशाला लिहू. म्हणालो, “दादा, एक काम शांतपणे करू दे मला! टाक्या तू बांधायचास, खिडक्या मी बसवायचो, म्हणून काय मला काच चिकटवता येत नाही?”

मग त्यानं बडवणं सोडलं. मी तुकडा बसवला. पट्टी सारखी ओढली, बोटानं साबणाचं पाणी लावून गुळगुळीत केली. बघण्यासारखं काम झालंय, फक्त सिलिकॉनचा आंबट वास घरभर भरलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

टेबलाच्या पायाखाली पाचर मारली, फळी बसवली, लेव्हल लावून बघितली. मग टाकी भरली. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून दोन तास समोर स्टूल टाकून बसलो. एक थेंब नाही! कागद कोराच्या कोरा. मास्तर बघायला आले, चष्मा वर करून कागद तपासला, म्हणाले, “उत्तीर्ण.” इतकं बरं वाटलं मला.

संध्याकाळी मुकादमाला सोडला. टॉवेलानं नाही, बादलीच टाकीत कलती केली, तो आपणहून गेला. लांबीभर एक फेरी, परत दुसरी. दादाला म्हटलं, बघ!

दादा बघत होता. पण हसला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या. आनंदाचं असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आली. मी पहाटेपासून घर पुसत होतो.

दारातच म्हणाली, “काका, वास कसला? व्हिनेगरसारखा?”

“काचा पुसल्या.”

“व्हिनेगरनं?”

“जुना कारागीर आहे मी.”

हसली. बापाजवळ बसली, नखं कापली, नवा सदरा आणला होता तो घातला. मी आत चहा करत होतो, तेव्हा हाक मारली, “काका! काका, बाहेर या! बाबांची मान बघा!” मान पूर्ण उजवीकडे. टाकीवर नजर खिळलेली. पोर रडायलाच लागली. “डॉक्टर तर म्हणाले होते आता काही वळायची नाही.”

मग दादानं कठडा बडवला. एकदा, दोनदा, जोरात.

“काय म्हणतायत बाबा?”

मी म्हटलं, “तुझ्यावर खूश आहेत. तू आलीस ना.”

असं म्हटलं मी. छातीवर हात ठेवून म्हटलं.

जेवताना ती पुन्हा पुन्हा बापाकडे बघत होती. मग म्हणाली, “मी खोली रंगवून घेतली होती, काका. पण असू दे. मी कितीही नर्सा ठेवल्या तरी तुमच्याइतकं त्यांना कुणाला कळणार? राहू द्या त्यांना इथंच. मी हरले.”

जिंकलो! जाताना वाकून पाया पडली. जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तर म्हणाली, “मुकादम आज दमलेला दिसतो. एका जागीच आहे.” म्हटलं, वय झालंय, आमच्यासारखंच.

वर आलो. मुकादम पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडत होता. हवा ओढल्यासारखा. पाणी थोडं बदललं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुकादम गेला.

१० फेब्रुवारी, दुपारी

सकाळी उठलो तर उलटा तरंगत होता. जखमेची बाजू वर. ती बाजू भरत आली होती हो! खवलांच्या जागी पातळ नवी कातडी आली होती. मग गेला कशानं?

दादा माझ्या आधी जागा होता. कधीपासून बघत होता कोण जाणे. मी जाळीनं बाहेर काढला तेव्हा त्यानं मान डावीकडे फिरवली, भिंतीकडे. मी किती वेळा हाक मारली. वळलाच नाही.

जुन्या रुमालात गुंडाळून मागच्या अंगणात पुरला. मास्तर कुदळ घेऊन उभे होते. त्यांनी काही शिकवलं नाही. खड्डा बुजल्यावर म्हणाले, “चला वर. तुमचे दादा एकटे आहेत.”

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो नसतो तर बरं झालं असतं.

फिशटँकवाल्याकडे गेलो. विचारायला, की जखम भरत आलेला मासा असा कसा जातो. त्यानं दोन्ही वायरी काढल्या. पाणी कसलं, मीठ किती, खाणं किती, सगळं विचारलं. मग म्हणाला, “टाकी कशानं चिकटवली?”

सांगितलं. न्हाणीघराच्या काचांचं सिलिकॉन. चांगल्या प्रतीचं. बुरशी धरत नाही ते.

त्यानं मांडणीवरची एक नळी काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाला, “आजोबा, बुरशी का धरत नाही त्याला? त्यात औषध असतं बुरशी मारायचं. ते पाण्यात उतरतं. टाकीला साधं सिलिकॉन लागतं, बिनऔषधाचं. मी त्या दिवशी विचारत होतो तुम्हाला.”

विचारत होता. मी त्याला त्याच्या जन्माआधीच्या गोष्टी सांगत होतो.

“बादलीतच राहिला असता तर...” म्हणाला आणि थांबला. पुढचं न सांगण्याइतका भला आहे पोरगा.

घरी कसा आलो माहीत नाही. एक बस चुकलो, दुसरीत उलट्या दिशेला बसलो.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

आत्ता लक्षात आलं. जेवण पुढ्यात घेऊन बसलो होतो, घास हातातच राहिला.

ही टाकी दादानं बांधलेली. नऊ वर्षांपूर्वी, दुकानाच्या मागच्या खोलीत. त्याला माहीत होतं कुठलं सिलिकॉन लागतं ते. शुक्रवारी मी नळी बंदुकीत चढवली आणि तेव्हाच त्यानं बडवायला घेतलं. त्याच्या आधी नाही. नळीवरचं नाव त्यानं पलंगावरून वाचलं.

तो सांगत होता. ओरडून ओरडून सांगत होता. आणि मी त्याला भांडं देत होतो.

रविवारीसुद्धा सांगत होता. लेकीसमोर. आणि मी तिला काय सांगितलं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

दादाशी बोललो. खुर्ची डाव्या बाजूला घेतली, तो तिकडेच बघतो आता म्हणून.

विचारलं, “नळी चुकीची आहे, हेच सांगत होतास ना?”

मान हलवली. एकदाच. हो.

मी म्हटलं, “मारलं मी त्याला दादा. तू जीव तोडून सांगत असताना मारलं.” बाहत्तर वर्षांचा घोडा, त्याच्या पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून रडलो.

त्यानं डाव्या हातानं माझा हात ओढला. उलटा केला. अंगठ्याजवळ काच लागलेली ती जागा बघितली, बोटानं चाचपली. लहानपणी दुकानात पहिल्यांदा कापलं होतं तेव्हा असंच बघायचा. खोल नाही ना, एवढंच बघायचा. मग सोडला हात.

ओरडला असता तर सोसलं असतं मला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रिकामी टाकी धुऊन खिडकीखाली ठेवली. दादाची मान डावीकडेच. बाई म्हणाल्या, दुसरं काहीतरी ठेवून बघू, रंगीत दिवा वगैरे. ठेवला. दिव्याकडे कोण बघतंय!

पुतणीचा फोन. “बाबा काय म्हणतायत?” मी म्हटलं, “छान आहेत.” तोंडातून आपोआप निघतं आता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

आज सकाळी नऊच्या सुमाराला दादानं पुन्हा कठडा बडवला. मी धावत गेलो. भांडं? नको. पाणी? नको. उशी, पंखा, पडदा, सगळं विचारलं. नको, नको. मग त्याची नजर बघून माझ्या मनानं घेतलं की हा मुकादमाचंच काढतोय. मी खुर्ची ओढून त्याला चिकटून बसलो. म्हटलं, “दादा, किती वेळा माफी मागू? तू म्हणशील तर दुसरा आणू?” तो बडवतच राहिला. मी बोलतच राहिलो. नऊ वर्षांतल्या त्या माशाच्या सगळ्या गोष्टी काढल्या, वहिनीच्या काढल्या, रडलोही. अर्धा तास. जास्तच.

दहाला व्यायामवाल्या बाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, “मोठे काका घामाघूम का झालेत?” आणि सरळ पांघरूण उचललं.

उजवा पाय गादी आणि कठड्याच्या मध्ये अडकलेला. पिळवटलेला. घोटा काळानिळा, टम्म. सकाळी कुशीवर वळवून मीच पांघरूण घातलं होतं, तेव्हाच अडकला असणार.

पाय सोडवताना दादा जो आवाज काढून ओरडला तो मी विसरणार नाही.

बाई चिडल्या नाहीत. पाय उशीवर घेऊन बर्फ लावला, बोटं हलतात का बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काका, आधी पांघरूण काढून बघायचं. त्यांना सांगता येत नाही, आपण शोधायचं. उजव्या पायाला आधीच त्यांना कमी कळतं. तरीही ते बडवत होते म्हणजे किती दुखलं असेल. आणखी तासभर गेला असता तर वेगळं काही सांगायची वेळ आली असती.”

डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नाही. सूज उतरेल म्हणाले.

मी अंगाला अंग लावून बसलो होतो त्याच्या. अंगाला अंग लावून! आणि मला कळलं नाही. पुतणी म्हणाली होती, तुमच्याइतकं त्यांना कुणाला कळणार. तिला वाटतं तसं.

मलाही वाटत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाला आधी विचारलं. लेकीकडे जाशील? बराच वेळ बघत राहिला माझ्याकडे. मग मान हलवली. हो. मला नीट कळलं का म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा हो.

मग फोन मीच केला. म्हटलं, पोरी, ये आणि दादाला घेऊन जा. ती घाबरली. “काका, काय झालं?”

म्हटलं, काही नाही झालं. होण्याआधी ये.